खोक्यातली सूर्यचूल: घरीच करा, पण आधी तिची वेळ समजून घ्या



उन्हाळ्यात पापड-कुरडया घातल्या की आपण दिवसभर उन्हाच्या मागे फिरतो. सावली आली की खाट सरकवायची, आभाळ भरून आलं की धावत जाऊन सगळं गोळा करायचं. आपल्या अंगणात ऊन कुठे, कधी आणि किती वेळ पडतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. याच उन्हावर डाळ-भात शिजवायची पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घरच्या घरी करता येते. ती कशी करायची, आणि केल्यावर ती पडून राहू नये म्हणून काय बघायचं, ते या लेखात सांगते.

सूर्यचूल म्हटलं की काही जणी हसतील. बरोबरच आहे. १९८० च्या दशकापासून सरकारने सवलतीच्या दरात अशा पेट्या द्यायला सुरुवात केली. तशी एखादी पेटी तुम्हीही कुणाच्या माळ्यावर पाहिली असेल. कुठे तिच्यात धान्य भरलेलं असतं, कुठे जुने कपडे. माझ्या मते त्या पेटीत खोट नव्हती. ती बाईच्या दिवसात बसत नव्हती, एवढंच. मजुरीला जाणारी बाई सकाळी आठ-नऊला भाकरी बांधून घराबाहेर पडते, आणि पेटी तर दहाच्या पुढे तापायला लागते. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा ऊन कललेलं असतं. मग पेटीचा उपयोग काय?

म्हणून कात्री हातात घेण्याआधी एक विचार करा. तुमच्या घरी दुपारचं ताजं जेवण कोण जेवतं आणि किती वाजता? घरात सासू-सासरे असतील, लहान मुलं असतील, तुम्ही घरूनच शिवणकाम करत असाल, दुकान चालवत असाल किंवा शेतातून दीड-दोनला घरी परतत असाल, तर ही चूल तुमच्यासाठी आहे. सगळेच जण सकाळी डबा घेऊन बाहेर पडत असतील, तर रोजच्या स्वयंपाकाला ती कामाची नाही. मग ती सुट्टीच्या दिवशी वापरा, शेंगदाणे भाजायला वापरा, पण तिच्यावर फार आशा ठेवू नका.

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि पुष्कळ घरांत गॅस पोचला. पण सिलिंडर संपला आणि भरायला हातात पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हे आपण सगळ्या जाणतो. मग पुन्हा सरपण, पुन्हा डोळ्यांत धूर. सूर्यचूल गॅस बंद करणार नाही आणि चूलही बंद करणार नाही. डाळ, भात, बटाटे, रताळी अशी तासन् तास नुसती शिजत राहणारी कामं मात्र ती स्वतःकडे घेते. सिलिंडर चार दिवस जास्त पुरला तरी ते आपलेच पैसे.

पेटी तापते कशी?

उन्हात दारं-काचा बंद करून उभी केलेली जीप आठवा. दार उघडलं की आतून भट्टीसारखी झळ येते. काचेतून ऊन आत जातं, आतल्या काळ्या सीटवर पडतं, सीट तापते. पण तापलेल्या सीटची उष्णता त्याच काचेतून सहज बाहेर पडत नाही. सूर्यचूल म्हणजे अशी बंद जीपच, फक्त जास्त चांगली बांधलेली. वर काच, आत काळा पत्रा, चारी बाजूंनी उष्णता अडवणारा जाड थर, आणि जास्तीचं ऊन आत फेकणारं एक चकचकीत झाकण.

हे काही नवीन नाही. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेच्या पेट्या एकात एक ठेवून त्यात फळं शिजवली होती. आपल्या मुंबईतही विल्यम ॲडम्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात आरसे लावलेली चूल करून, जानेवारीच्या उन्हात सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजवून दाखवलं. त्यावर त्याने १८७८ मध्ये पुस्तकही लिहिलं. शिर्डीला गेलात तर साईप्रसादालयाच्या वर मोठमोठ्या तबकड्या दिसतील. तिथे २००९ पासून ७३ तबकड्यांनी ऊन गोळा करून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर स्वयंपाक होतो. आपली पेटी त्याच घरातली, पण सगळ्यात धाकटी. पुठ्ठ्याची सोपी पेटी अमेरिकेत बार्बरा केर आणि तिच्या मैत्रिणीने १९७० च्या दशकात करून दाखवली. खाली सांगितलेली पद्धत साधारण तशीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गॅसच्या शेगडीतून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तिचा दहावा हिस्साही या पेटीत मिळत नाही. म्हणूनच कुकरमध्ये वीस मिनिटांत होणाऱ्या डाळीला इथे दोन-अडीच तास लागतात. यात पेटी बिघडली असं काही नाही, तिचा वेगच तेवढा. फायदा एवढाच की या दोन-अडीच तासांत तिच्यापाशी बसावं लागत नाही. डाळ उतू जात नाही, भात करपत नाही.

काय काय लागेल

किराणा दुकानातून दोन मोठी खोकी मागून आणा. एक साधारण दीड फूट लांब-रुंद, दुसरं त्याहून चारेक इंच मोठं. पहिलं दुसऱ्यात ठेवलं की चारही बाजूंनी दोन-दोन इंच जागा राहिली पाहिजे. झाकणासाठी आणखी एक मोठा सपाट पुठ्ठा लागेल. फ्रिज किंवा कूलरच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम.

त्याशिवाय पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनिअम फॉईलचा एक रोल, मैद्याची किंवा कणकेची खळ, काळा रंग आणि एक पातळ पत्रा. तेलाच्या डब्याचा कापून सपाट केलेला पत्राही चालतो. काच खिडकीची साधी चार मिलिमीटरची घ्या. जुनी मिळाली तर फोटो फ्रेमवाल्याकडून मापात कापून घ्या आणि तिच्या कडा घासून द्यायला सांगा. धारेची काच घरात आणू नका. काच बसवायला सिलिकॉनची एक ट्यूब लागेल. पैसे मोजायचे ते मुख्यतः काच, फॉईल आणि ट्यूबला. बाकी सगळं घरात किंवा शेजारी सापडतं.

बांधणी

आतलं खोकं फार खोल नको. तुमच्या भांड्यापेक्षा एक-दोन इंच जास्त एवढंच, म्हणजे सात-आठ इंच पुरे. जास्त उंच असेल तर वरून कापा. खोल पेटीत भिंतीची सावली भांड्यावर पडते आणि हवाही जास्त तापवावी लागते.

आतल्या खोक्याच्या आतून चारही भिंतींना खळ लावून फॉईल चिकटवा. चकचकीत बाजू वर, सुरकुत्या शक्य तितक्या कमी. बाहेरच्या खोक्यालाही आतून फॉईल लावली तर चांगलं, संपली असेल तर राहू द्या.

मोठ्या खोक्याच्या तळाशी दोन इंचांचा थर द्या. चुरगाळलेली वर्तमानपत्रं, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, जुना कापूस यांतलं जे असेल ते चालेल. त्यात पुठ्ठ्याचे चार ठोकळे उभे ठेवा, म्हणजे भांड्याच्या वजनाने आतलं खोकं खाली दबणार नाही. आता आतलं खोकं बसवा आणि बाजूंच्या फटीही त्याच सामानाने भरा. ठासून भरू नका. उष्णता अडवते ती मध्ये अडकलेली हवा, ती दाबून काढली तर सामानाचा उपयोग नाही. सामान मात्र कडकडीत वाळलेलं हवं. ओलसर तूस भरलं तर पेटी पहिले दोन दिवस तुमची डाळ सोडून तुसातलं पाणीच तापवत बसेल. थर्माकोल भरावा असं कुणी सांगेल, पण या उष्णतेत तो मऊ पडून आक्रसतो आणि वास मारतो. तो नको. फटी भरल्यावर वरून पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून तोंड बंद करा.

पत्रा आतल्या खोक्याच्या तळापेक्षा थोडा लहान कापा, वरून काळा रंगवा आणि पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्यांवर टेकवून ठेवा, म्हणजे तो थेट तळाला चिकटणार नाही. रंग फळ्याला देतात तो घ्या. रंगवलेला पत्रा पेटीत घालून पेटी दोन दिवस रिकामीच उन्हात ठेवा आणि मधूनमधून उघडा. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय आत अन्न ठेवायचं नाही.

आता झाकण. मोठा पुठ्ठा पेटीवर ठेवा, चारही बाजूंनी तीन-तीन इंच खाली मुडपा आणि कोपरे चिकटवा. बुटाच्या डब्याचं झाकण असतं तसं घट्ट बसलं पाहिजे. मग आतल्या खोक्याच्या मापाची खिडकी आखा, पण तिच्या तीनच बाजू कापा. चौथ्या बाजूला पुठ्ठा वर दुमडला की झाली आरशाची फळी. तिच्या आतल्या बाजूला फॉईल चिकटवा. इथे मात्र जिवापाड सपाट चिकटवा, कारण सुरकुतलेली फॉईल ऊन चारी दिशांना उधळते. काच खिडकीपेक्षा चारही बाजूंनी एक इंच मोठी हवी. ती झाकणाच्या आतल्या बाजूने सिलिकॉनने चिकटवा आणि एक पूर्ण दिवस वाळू द्या. फळी हव्या त्या कोनात उभी राहावी म्हणून बाजूला एक काठी किंवा जाड तार अडकवा.

शेवटी झाकण बसतं तिथे हात फिरवून बघा. फट असेल तर जुन्या सुती लुगड्याच्या घडी केलेल्या पट्ट्या चिकटवा. पेटी नीट तापत नाही अशी तक्रार येते तेव्हा मी आधी फटी बघते. बहुतेक वेळा गरम हवा तिथूनच निघून जात असते.

पुठ्ठा पेटणार नाही का, हे हमखास विचारलं जातं. चांगल्या उन्हात या पेटीच्या आत साधारण १०० ते १४० अंशांपर्यंत उष्णता जाते. पुठ्ठा पेटायला २०० अंशांच्या वर जावं लागतं. पेटी पेटत नाही. तिचा खरा शत्रू दव आणि पाऊस. संध्याकाळी ती घरात घ्यायलाच हवी.

भांडं काळंच हवं

यासाठी नवीन काही आणू नका. चुलीवर ठेवून बाहेरून काळीकुट्ट झालेली, आपण घासून घासून दमतो ती जर्मनची पातेली इथे सगळ्यात चांगली. काळं भांडं ऊन पितं, चकचकीत स्टीलचं भांडं ते परत फेकतं. पातेलं पातळ असावं, त्यावर घट्ट झाकण असावं आणि झाकणही काळं असावं. एक मोठं भांडं ठेवण्यापेक्षा दोन लहान ठेवा, लवकर शिजतं. रंग द्यायचाच तर फक्त बाहेरून द्या, आतून कधीही नाही.

उन्हात ठेवताना

पहिल्या दिवशी अन्न ठेवू नका. एका काळ्या भांड्यात दोन पेले पाणी घालून अकराला ठेवा. दीड-दोन तासांत पाण्यात बुडबुडे येऊन वाफ धरली तर पेटी जमली. नुसतंच कडक कोमट झालं तर फटी बघा, भांड्याचा रंग बघा, सामान ओलं राहिलं का ते बघा.

पेटीचं तोंड सूर्याकडे ठेवायचं आणि आरशाची फळी मागे. फळीचा कोन मोजायला काही लागत नाही. तिच्यावरून उडणारा उजेडाचा पट्टा काचेवर पडला पाहिजे, एवढंच बघायचं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, तेव्हा फळी जवळजवळ सरळ उभी ठेवली तरी पट्टा काचेवर येतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा ती मागे बरीच कलती करावी लागते. घरी असाल तर पाऊण-एक तासाने पेटी थोडी फिरवा. शेतात जायचं असेल तर साडेबाराच्या सुमाराला सूर्य जिथे असेल, त्या दिशेला तोंड करून ठेवा आणि जा. थोडा जास्त वेळ लागेल, पण काम होतं.

झाकण मधेमधे उघडायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्याला ढवळून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पण एकदा उघडलं की तापलेली हवा निघून जाते आणि शिजायला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात.

भाताला पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी घाला, कारण इथे वाफ फार उडत नाही. चांगल्या उन्हात दीड ते दोन तास लागतात. तुरीची किंवा मुगाची डाळ तासभर भिजवून ठेवली तर दोन-अडीच तासांत मऊ होते. भिजवलेल्या हरभऱ्याला तीन-चार तास द्या. बटाटे, रताळी, अंडी बिनपाण्याची ठेवायची. पालेभाजी शिजते पण रंग जातो, मला ती आवडत नाही. भाकरी आणि फोडणी या पेटीत होणार नाहीत. डाळ इथे शिजवायची आणि फोडणी गॅसवर पाच मिनिटांत द्यायची, अशी विभागणी ठेवा.

शेंगदाणे मात्र अप्रतिम होतात. ताटात एक थर पसरून झाकण न ठेवता दीड-दोन तास ठेवा. करपत नाहीत, सालं हाताने चोळली की सुटतात. चटणी, चिक्की, लाडू करणाऱ्या गटांनी हे नक्की करून बघावं. रव्यात किंवा डाळीत किडे झाले असतील तर बोटभर जाडीचा थर तासभर ठेवला की किडे मरतात. पेरणीचं बियाणं मात्र चुकूनही ठेवू नका, त्याची उगवण जाते. आणि मेथी-कोथिंबीर वाळवायला ही पेटी वापरायची नाही. ही बंद पेटी आहे, पाला आत वाळत नाही, उकडतो.

हे नीट वाचा

राजमा सूर्यचुलीत शिजवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळ उकळल्यावरच नष्ट होतो. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. करायचाच असेल तर भिजवलेलं पाणी फेकून, नवीन पाण्यात आधी गॅसवर दहा मिनिटं चांगला उकळा आणि मग पेटीत ठेवा.

दुसरी गोष्ट ढगाची. मधेच आभाळ आलं आणि अन्न अर्धवट राहिलं, तर "ऊन येईल परत" म्हणत तीन-तीन तास थांबू नका. कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. उचला आणि गॅसवर पुरं करा. शिजलेलं अन्नही बंद पेटीत संध्याकाळपर्यंत निवत ठेवायचं नाही. तास-दोन तास गरम ठेवायचं असेल तर काचेवर गोधडी टाका, आणि जेवायच्या आधी डाळीला एक उकळी आणा. आजारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या घरात हे काटेकोर पाळा.

आरशाच्या फळीकडे टक लावून बघू नका, डोळे दिपतात. काच आणि पातेली खूप तापतात, फडकं घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते. पेटी शेळी, कुत्रा आणि रांगतं मूल यांच्या हाताबाहेर, ओट्यावर किंवा गच्चीवर ठेवा. वाऱ्याने फळी उलटू नये म्हणून दोन विटा लावा.

गटाने पेट्या विकत घ्याव्यात का?

तयार पेट्या मिळतात. त्या पक्क्या असतात आणि जास्त वर्षं टिकतात. पण गटातून कर्ज काढून वीस जणींनी एकदम वीस पेट्या आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जाचा हप्ता ढगाळ दिवशीही भरावा लागतो. आधी गटात दोन-तीन पुठ्ठ्याच्या पेट्या करा. वेगवेगळ्या घरांत ठेवा: एक घरी असणाऱ्या ताईंकडे, एक शेतात जाणाऱ्या ताईंकडे, एक शेंगदाण्याची चटणी करणाऱ्या ताईंकडे. दोन महिने वापरू द्या. ज्या घरात ती रोज अंगणात दिसते, त्या घरासाठी प्लायवूडची किंवा जुन्या पत्र्याच्या पेटीतून पक्की करून घ्यायचा विचार करा. ज्या घरात ती पंधरा दिवसांत माळ्यावर गेली, तिथे का गेली ते विचारा. त्या ताईंना बोल लावू नका, त्यांचं उत्तर गटाचे पैसे वाचवणार आहे.

कामाचे महिने साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात पेटी कोरड्या जागी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर ठेवून द्या. पुठ्ठ्याची पेटी एक-दोन हंगाम चालते. मग काच आणि पत्रा काढून घ्यायचा, नवीन खोक्यात बसवायचा.

ज्या ताई पेटी करतील त्यांनी एक साधी वही ठेवा: तारीख, काय ठेवलं, किती वाजता ठेवलं, किती वाजता शिजलं, आभाळ कसं होतं. सिलिंडर लावल्याची तारीखही त्यातच लिहा. अन्न कच्चं राहिलं असेल तर तेही लिहा. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. वहीत कच्चं राहिल्याच्या नोंदी जास्त असतील तर पेटीही सोबत आणा, फटी एकत्र बसून बघू.